फितीचं दुसरं टोक

सूरला, खाडीच्या तोंडाशी, जुन्या गलबतवाल्यांच्या आळीत
मी फितीचं दुसरं टोक धरतो.
पहिलं टोक कोर्टाच्या तज्ज्ञाकडे:
सुदानी इंजिनिअर, इद्रीससाहेब, चष्मा दोरीने गळ्यात.
ते आकडा बोलतात, मी लाल खडूने खूण करतो.
अकरा वर्षं झाली.

निकाल लागलेला आहे. वाटे चार.
दोन सालिमचे, एक रय्याचा, एक मौझाचा.
रेघ उंबऱ्यावरून आत शिरते,
मजलिसची गादी उचलायला लावते,
स्वयंपाकघरात फ्रिज दोन वीत सरकवते
आणि मागच्या अंगणात लिंबाला वळसा घालते.
झाड मौझाचं. असरनंतर सावली मात्र रय्याकडे.
सावलीचं काय, मी विचारलं.
साहेब म्हणाले, लिहून घे, साडेसात मीटर.

जेवताना पुन्हा विचारलं:
हा कागद बांधतो तरी कुणाकुणाला?
ज्यांची नावं वर आहेत त्यांना, साहेब म्हणाले.
त्यांच्या मागे त्यांच्या पोरांना. दावा चालू असताना
कुणी गुपचूप विकत घेतलं असेल तर त्यालाही.
मागच्या खोलीतल्या मल्याळी न्हाव्याला? त्याचा करार आहे,
भाडं कुणाच्या हातात ठेवायचं, एवढंच बदलेल त्याचं.
आणि ज्याचा हिस्सा होता, पण ज्याला कुणी बोलावलंच नाही?

त्यांनी खुबूस मोडली, डाळीत बुडवली, खाल्ली.
त्याच्यासाठी हा खडू आहे, म्हणाले.
नुसता खडू.

तिसऱ्या दिवशी ती आली.
झांझिबारहून मस्कत, मस्कतहून टॅक्सी.
प्लास्टिकच्या पिशवीत बापाचा निकाहनामा, दुसरा,
आणि अरबी अशी, की मध्येच सागरापलीकडचे शब्द यावेत.
रेघेवरच उभी राहिली. कळलं नसावं.
झुवैना बिन्त नासिर, म्हणाली. माझं नाव कुठे आहे?

सालिमने पंख्याकडे पाहिलं.
रय्याने सालिमकडे.
मौझा आत गेली, आणि कॉफीचे पाच फिंजान घेऊन आली.
मला धरून सहा हवे होते, ते असो.
चाराचे पाच होताना मी पाहिले, ते त्या तबकात.

साहेब म्हणाले, थांबव.
माझ्या हातून टोक सुटलं,
फीत सरसरत घरात गेली, जाता जाता बोट कापून.

रात्री बाणकोटला फोन लावला. अश्फाक, आपलं काय झालं?
झाला हुकूम, तो म्हणाला, मागच्या महिन्यात.
रस्त्याकडची बाजू माझी. तुझी खाजणाकडची.
मला तर नोटीसच नाही आली.
आली होती. बेलिफाने शेरा मारला, इसम आखातात.
दाराला डकवून गेला.
मग?
मग शेळीने खाल्ली.
पण डकवली होती ना, दादा. नाव होतं ना तुझं, सातव्या नंबरला.

खोलीत एसी थेंब थेंब गळत होता, खाली तांब्या लावलेला.
तिचं नाव कुणी लिहिलं नाही, म्हणून ती मोकळी.
माझं नाव होतं. शेळीच्या पोटात का होईना,
होतं.

सकाळी ओल्या फडक्याने रेघ पुसली.
फरशीच्या सांध्यांत लाल राहिलंच थोडं.
नवा दावा, नवे कागद, पण साहेब म्हणाले, आलोच आहोत
तर बाहेरची लांबी एकदा पुन्हा घेऊ.
मी टोक उचललं. बोटाला चिंधी होती, धरवेना.

दे इकडे, झुवैना म्हणाली, कुठला रे तू?
समोरच्या किनाऱ्याचा, मी म्हणालो.
तिने मान हलवली, तीही समोरच्याच एका किनाऱ्याची.
अबायाचं टोक कमरेला खोचून
बापाच्या भिंतीला फीत टेकवून उभी राहिली, घट्ट.

साहेबांनी आकडा पुकारला.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
मी तो नुसता ऐकला.